कुटुंब कक्ष

आमचा निवारा कोणत्या गावात होता ते मी सांगणार नाही. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथले लोक म्हणतील, आमचंच का, बाकीचे काय धुतल्या तांदळाचे आहेत? आणि ते बरोबरच आहे.

मी तिथे व्यवस्थापक होते. इमारत नगरपालिकेची आणि माणसं एका सेवाभावी संस्थेची, असा करार होता. भिंती, वीज, पाणी आणि चौकीदार पालिकेचे. मी आणि स्वयंपाकाची बाई संस्थेच्या. नळ गळायला लागला की पालिका म्हणायची, वापरता तुम्ही, तुम्हीच दुरुस्त करा. संस्था म्हणायची, इमारत त्यांची, आपण हात लावायचा नाही. नळ गळत राहायचा. दारावरच्या पाटीवर कोणाचं बोधचिन्ह वर आणि कोणाचं खाली, ह्यावर मात्र बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी, सारख्या मापाची काढायची असं ठरलं. 'बेघर निवारा' ही अक्षरं उरलेल्या जागेत बसवली. रस्त्यावरून ती वाचता येत नव्हती, आणि ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं, त्यामुळे कोणाची तक्रार आली नाही.

गावाच्या वेशीवर जुना जकात नाका होता. जकात बंद झाल्यापासून तो ओस पडलेला, त्याच्या ओसरीवर एक म्हातारी आणि एक आंधळा म्हातारा राहत. तीन दगडांची चूल, दोन बोचकी आणि एक वेळूची लांब काठी एवढाच संसार. काठीचं पुढचं टोक तिच्या हातात, मागचं त्याच्या. ती पुढे चालायची, तो मागून. पाणी आणायला किंवा भाकरी मागायला जायचं असलं की ती त्याला भिंतीला टेकवून बसवायची, काठी त्याच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "हितं बस. आलेच." परत आली की पुढचं टोक उचलून जमिनीवर आपटायची. तो उठायचा. ती दोघं एकमेकांशी फार बोलायची नाहीत, काठीच बोलायची.

तर पालिकेला बेघरांसाठी निवारा बांधायचा होता, आणि जागा शोधता शोधता तिला हाच जकात नाका सापडला. पहिलं काम म्हणून ओसरीवरच्या ह्या दोघांना उठवलं. बेघरांचा निवारा बांधायला बेघरांना घालवायचं, ह्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. ती दोघं समोरच्या बाभळीखाली गेली आणि आपल्याच ओसरीला रंग लागताना बघत बसली. म्हणजे ती बघत होती.

रंग झाला, फीत कापली, आणि मी पहिल्याच दिवशी दोघांना आत बोलावलं. पालिकेचा प्रकल्प अधिकारी तेव्हा हजर होता. तरुण, हुशार, वाईट माणूस नव्हे. त्याच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यानं विचारलं, "आजी, हे तुमचे कोण?"

"कोयता," ती म्हणाली.

"कोण?"

"आमी एक कोयता हाय."

तो माझ्याकडे बघायला लागला. माझं माहेर पूर्वेकडचं, ऊसतोड्यांच्या पट्ट्यातलं, मला सांगावं लागलं. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. ही विधवा झाली तेव्हा अर्धी झाली. त्याची बायको गेली तेव्हा तो अर्धा झाला. मुकादमानं दोन अर्धे एकत्र जोडले आणि आपली टोळी भरली. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची. राहायच्या कोप्या वेगळ्या, काम एक. असे कितीतरी हंगाम त्यांनी काढले, कधी पुणतांब्याकडे गोदावरीकाठी, कधी काष्टीच्या बाजूला. मग त्याच्या एका डोळ्यात उसाचं पातं गेलं. दुसरा काचबिंदूनं गेला. मुकादमानं कोयता मोडला. तिच्या मुलानं निरोप धाडला, तू घरी ये, त्याला सोड. ती गेली नाही. मी एकदा कारण विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "मोळी अर्धी बांधून सोडत्यात का?"

अधिकारी म्हणाला, "म्हणजे नवरा-बायको नाहीत." आणि त्यानं बरोबर ताडलं होतं. ती त्याला अरेतुरे करायची, नावानं हाक मारायची. आमच्याकडच्या त्या वयाच्या बाईनं नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे तोंडात निखारा धरणं.

मग नियमाप्रमाणे तिला महिला विभागात घेतलं, तो जकात नाक्यात. पुरुष विभाग रस्त्यापलीकडे जुन्या शाळेच्या खोलीत होता, त्याला तिकडे नेलं. त्यांच्यामधून ऊस वाहणारे ट्रॅक्टर जायचे. पहाटे त्याला मोरीकडे न्यायला ती रस्ता ओलांडून आली तर चौकीदारानं अडवलं. पुरुषांच्या खोलीत बाई चालत नाही. मी चौकीदाराला सांगितलं, सोड. तो म्हणाला, "म्याडम, मी पालिकेचा मानूस. तुमचं मला ऐकता येत न्हाई." आतमध्ये म्हाताऱ्याची गादी भिजली. खोलीतले बाकीचे हसले, एकानं शिव्या दिल्या. गादी पालिकेची असल्यानं ती वाळत कोणी घालायची ह्यावरही बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं परत बाभळीखाली. मी रागावले, विनवण्या केल्या. ती चूल पेटवत राहिली. "तुमच्या घरात गादी हाय, मानूस न्हाई," म्हणाली. मला त्या वेळी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ती बाभळीखाली राहिली असती तर कोणाला काही फरक पडला नसता. पण नगरहून तपासणी आली. मोठे साहेब गाडीतून उतरले आणि त्यांनी विचारलं, निवाऱ्याच्या दारासमोरच माणसं उघड्यावर कशी? पालिकेनं संस्थेकडे बोट दाखवलं. संस्थेच्या सचिवांनी, जे खास त्यासाठी पुण्याहून आले होते, अतिशय सौम्य आवाजात पालिकेकडे बोट दाखवलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो पाहुणा तेव्हा समोर झाडाखाली मिरची वाटत होता. साहेबांनी फर्मान सोडलं की कुटुंबासाठी वेगळी खोली करा. जकात नाक्याच्या मागच्या बाजूला, जिथे पूर्वी जप्तीचा माल ठेवत, तिथे प्लायवूडची भिंत ठोकून खोली झाली. दारावर पाटी लागली, 'कुटुंब कक्ष'. दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी.

मला आनंद झाला, उगीच नाही म्हणत. मी म्हातारीला खोली दाखवली. तिनं आत जाऊन भिंतीवर हात फिरवला, प्लायवूडवर बोटं वाजवली आणि विचारलं, "हितं त्याला मोरीपातुर नेता येईल ना?" मोरी दारालाच होती. "मग येतो आमी," म्हणाली.

आता अधिकाऱ्याची अडचण अशी होती की कुटुंब कक्षात कुटुंब हवं. कोयता चालत नव्हता. विवाहाचा पुरावा लागेल, तो म्हणाला. प्रमाणपत्र नसेल तर लग्नाचा फोटो चालेल. हे तो अगदी मदत करण्याच्या भावनेनं सांगत होता. मी त्याला म्हटलं, दोन हार आणते, मोबाईलवर फोटो काढते, संध्याकाळपर्यंत पुरावा देते. तो हसला. मला वाटलं प्रश्न सुटला.

म्हातारीला विचारलं तर तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ह्या वयात काय ह्ये, ताई. आमचं तसलं कधीच न्हवतं." म्हातारा भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "खोली मिळत आसंल तर लाव की लगीन. मला कुठं दिसतंय." ती हसली. मी तिला हसताना तेव्हाच पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "फोटू काढा. पर बाहीर जाऊ देऊ नगा. माझा ल्योक हाय गावाला. भावकीला म्हाईत न्हाई म्हून त्यो गप हाय. त्यास्नी सांगितलंय त्यानं, आई काष्टीकडं बहिनीकडं आसती." मी तिला शब्द दिला.

तो शब्द मी सचिवांच्या कानावर घातला. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "पण ताई, केवढी सुंदर गोष्ट आहे ही! उतारवयात दोन बेघर जीवांना आपण घर आणि नातं देतोय. हे गुपचूप कशाला?" मी म्हटलं, तिचा मुलगा आहे, तिला नको आहे. ते म्हणाले, समाजाची भीती आपणच मोडायची असते. मोडायला त्यांच्या घरचं काही नव्हतं. तिकडे पालिकेला कळलं की संस्था सोहळा करतेय, तर पालिका कशी मागे राहील? मांडव पालिकेचा, जेवण संस्थेचं. मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, महिला बचत गट, झाडून सगळे. नळाच्या एका वायसरसाठी ज्यांचं वर्षभर जमलं नव्हतं, त्यांचं ह्या लग्नासाठी दोन फोनमध्ये जमलं. मी ओरडले. तुम्ही भावनिक होताय, असं मला दोघांनीही सांगितलं, आणि त्याबाबतीत त्यांचं पूर्ण एकमत होतं.

लग्न झालं. ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. म्हातारीला हिरवी साडी नेसवली होती, संस्थेनं दिलेली. कपाळाला मोठं कुंकू. त्याला फेटा बांधलेला, तो सारखा डोळ्यांवर सरकत होता, आणि त्यावर कोणीतरी विनोद केला की नवरदेवाला काय फरक पडतो. मांडव हसला. अधिकाऱ्यानं भाषणात पालिकेच्या संवेदनशीलतेचा उल्लेख केला. सचिवांनी भागीदारी हा शब्द इतक्यांदा वापरला की माझ्या शेजारची स्वयंपाकाची बाई म्हणाली, "ह्यांचं लगीन का त्यांचं?"

मग बचत गटाच्या बायकांनी उखाण्याचा हट्ट धरला. नाव घ्या, नाव घ्या. माईक तिच्या तोंडाशी आला. म्हातारीनं माईककडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे तोंड केलं, आणि रस्त्यावर मारायची तशी खणखणीत त्याच्या नावानं हाक मारली. "ऊठ रे. झालं ह्यांचं."

त्यावर एवढ्या टाळ्या पडल्या की फोटोवाल्यानं तो क्षण धरला. हिरवी साडी, कुंकू, उघडं तोंड, आणि मागे फेट्यात उठू पाहणारा म्हातारा. दुसऱ्या दिवशी तोच फोटो पेपरात. पेपर एक वेळ रद्दीत जातो. पण पालिकेनं तो फेसबुकवर आपल्या पानावर टाकला, संस्थेनं आपल्या पानावर टाकला, आणि लोकांनी मोबाईलवर एकमेकांना पाठवला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची आणि हात जोडल्याची चित्रं.

खोलीत त्यांचे थोडे दिवस गेले. सुखाचे म्हणता आले असते तर मी म्हटलं असतं. बचत गटाच्या बायकांनी निघताना तिला बजावलं होतं, आता नाव घ्यायचं नाही, नवरा आहे, अहो म्हणायचं. आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही त्या बाईनं हे मात्र ऐकलं. तिला त्याला हाक मारता येईना. नाव घ्यायला जीभ वळायची नाही आणि अहो तोंडातून निघायचं नाही. काठी आपटून ती उभी राहायची. एकदा तो मला म्हणाला, "म्याडम, तिला जरा सांगा की. आदी शिव्या तरी देत हुती." तरीही गादी कोरडी असायची. पहाटे मोरीचं दार वाजायचं, काठी वाजायची, आणि मला वाटायचं, चला, काहीतरी बरं झालं.

एका सकाळी निवाऱ्यासमोर जीप थांबली. तिचा मुलगा, त्याची बायको आणि भावकीतले दोघे उतरले. मुलगा चाळिशी उलटलेला, खांदे उसाच्या मोळ्यांनी दबलेले. मला वाटलं होतं तो आरडाओरडा करील. तो आला तो माझ्यासमोर बसला आणि त्यानं मोबाईल पुढे केला. तोच फोटो. "माझ्या पोरीची सुपारी फुटायची हुती," म्हणाला. "सोयऱ्यानं ह्यो धाडला मला. म्हनला, आदी आज्जीच्या लग्नाचं जेवान घाला, मग नातीचं बघू."

मला त्याच्यावर चिडायचं होतं. नीट चिडताही येईना.

मी म्हटलं, तुमच्या आईला विचारा, ती सज्ञान आहे, तिच्या मनाविरुद्ध कोणी नेणार नाही. अधिकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, कुटुंब न्यायला आलंय. आपण अडवणारे कोण? उलट योजनेत हेच अपेक्षित आहे." सचिवांना लावला. त्यांच्या आवाजात उजेड पडल्यासारखा झाला. "कुटुंबात परत जाणं हेच तर अंतिम पुनर्वसन, ताई."

म्हातारी तोपर्यंत म्हाताऱ्याला अंगणात घेऊन आली होती. मुलगा तिच्याशी बोलला, सगळ्यांसमोर, खालच्या आवाजात. तिनं एकच विचारलं, "सुपारी मोडली का?"

"आजून न्हाई. तू आलीस तर न्हाई मोडायची. त्यांना सांगू, आमच्या आईला फशिवलं संस्थावाल्यांनी."

सुनेनं पुढे होऊन तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, पदरानं कपाळ पुसलं आणि मंगळसूत्र माझ्या हातात ठेवलं. "ह्ये तुमचं." खोटंच होतं, बाजारातलं. म्हातारीनं हे सगळं उभ्यानं करू दिलं. मग तिनं म्हाताऱ्याला भिंतीशी नेलं, खांदा दाबून खाली बसवलं, काठी त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली.

"हितं बस," म्हणाली. "आलेच."

तो बसला. त्यानं मानेनं बरं म्हटलं. जीप गेल्याचा आवाज त्यानं ऐकला असणार, पण रस्त्यावरून गाड्या जातच असतात.

जीप लगेच गेली नाही, हे सांगायचं राहिलं. अधिकारी मोटारसायकल पिटाळत आला आणि त्यानं सगळ्यांना पाटीखाली उभं केलं. मुलगा, सून, मध्ये म्हातारी, पुसलेलं कपाळ आणि अंगावर तीच हिरवी साडी. फोटो निघाला. 'बेघर वृद्धेचे कुटुंबात पुनर्मीलन.' पालिकेच्या पानावर तो आधीच्या फोटोच्या वरच लागला, आणि खाली तीच माणसं तीच हात जोडल्याची चित्रं टाकत होती. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की परवा लग्न झालेली बाई आज कोणत्या कुटुंबात गेली.

एकट्या पुरुषाला कुटुंब कक्षात राहता येत नाही. त्याला पुरुष विभागात हलवायचं पत्र मात्र पालिकेकडून त्याच आठवड्यात आलं. एवढ्या वेगानं आमच्याकडे कधी काहीच आलं नव्हतं. तो उठेना. "ती आलेच म्हनलीया. मी हितं नसलो तर हुडकत बसंल." मी त्याला खरं सांगितलं. एकदा, दोनदा, पुनःपुन्हा. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "व्हय, पर आलेच म्हनली ना." शेवटी चौकीदारानं आणि दुसऱ्या एकानं काखेत हात घालून त्याला उचलला. काठी त्यानं सोडली नाही.

आंधळ्यानं काठी जमिनीवर टेकवत चालायचं असतं, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. तो ती समोर कमरेच्या उंचीवर धरायचा, पुढचं टोक मोकळं, आणि कोणी धरील म्हणून थांबायचा. पुरुष विभागातल्या टवाळांना खेळच मिळाला. कोणी टोक धरून त्याला भिंतीवर नेऊन सोडायचा, कोणी दारातून रस्त्यापर्यंत. मी आरडाओरडा केला की दोन दिवस थांबायचे. एकदा मीच टोक धरलं. तो चार पावलं आला आणि थांबला. "कोन? म्याडम का? तुमी लई जोरात वढता," म्हणाला.

पुढे पाठपुराव्याची भेट आली. पुनर्मीलन झालेल्या माणसाला घरी जाऊन बघायचं आणि फोटो आणायचा, असा दोन्हीकडचा नियम. मी आणि अधिकारी गेलो. डोंगराच्या पायथ्याशी गाव, खडकाळ रान, घराला लागून पत्र्याचं शेड. म्हातारी शेडमध्ये शेळ्यांपाशी बसली होती. नातीचं लग्न जमलं होतं. सुनेनं चहा दिला. मुलगा आमच्यासमोरून हलला नाही. अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, बरं आहे ना?" ती म्हणाली, "बरं हाय."

तो फोटोसाठी उजेड बघत होता. तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, ती काठी हाय का तितं?"

"कसली काठी?" मुलानं विचारलं.

"माझी. वेळूची. चांगली हुती."

"आहे," मी म्हटलं.

"कुनी धरतंय का तिला?"

मला खोटं बोलता आलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की हो, मी धरते. पण तिचे डोळे धड होते, तिला दिसलं असतं. मी नकारार्थी मान हलवली.

ती शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "पुढनं धरायला लागतंय तिला," म्हणाली. "नुसती ठिवून उपेग न्हाई."

मुलानं माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं. तो उठला आणि म्हणाला, "चला सायेब, फोटू काढा, उन्हं कलली." अधिकाऱ्यानं अहवालात लिहिलं की लाभार्थी कुटुंबात रमली आहे.

परत आल्यावर मी म्हाताऱ्याच्या गादीपाशी बसले. तिला भेटून आले म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा सगळा माझ्या आवाजाकडे वळला. "काय म्हनली?"

"काठीचं विचारलं."

"माझं?"

"मुलगा समोर होता."

"व्हय," तो म्हणाला. मग त्यानं काठी उशापासून ओढून काढली, चाचपत माझ्या हातात दिली. "तिची हाय ती. ठिवून घ्या. मला कुठं जायचं न्हाई." त्या दिवसापासून तो आपण होऊन उठला नाही. गादी पुन्हा भिजायला लागली. वाळत कोणी घालायची ते अजून ठरलेलं नव्हतं.

उत्कृष्ट भागीदारीचा म्हणून नगरला एक सत्कार झाला. शाल, नारळ, पालिका आणि संस्था एका मंचावर. मी गेले नाही. थोड्याच महिन्यांत संस्थेनं मला मोकळं केलं. समन्वयात कमी पडले, असं कारण दिलं. निघताना काठी निवाऱ्याच्या दाराच्या कोपऱ्यात तशीच राहिली.

परवा एसटीनं त्या गावावरून जात होते. गाडी चहाला थांबली म्हणून उतरून निवाऱ्यापर्यंत चालत गेले. पाटी तशीच. खिडकीतून पाहिलं तर कुटुंब कक्षात नव्या गाद्या प्लास्टिकसकट रचलेल्या. पुरावा असलेलं जोडपं अजून आलेलं नाही. रस्त्यापलीकडे शाळेच्या दारात चौकीदार खुर्ची टाकून बसला होता. तोच. त्याच्या हातात वेळूची काठी.

मी म्हटलं, ही माझ्याकडे दे.

"कशी देनार? हितली वस्तू. पालिकेची हाय," तो म्हणाला. अगदी सरळ मनानं म्हणाला.

पायरीवर कुत्रं येऊन बसलं होतं. त्याला हाकलायला त्यानं काठीचं टोक जमिनीवर आपटलं. कुत्रं उठलं, आळस दिला आणि बाजूला झालं. आतल्या अंधारातून, गादीवरून, आवाज आला.

"आलीस का?"

मी चौकीदाराकडे पाहिलं. "रोजचंच हाय, म्याडम," तो म्हणाला. "जितक्यांदा कुत्रं येतं तितक्यांदा इचारतो." मग मान न वळवता त्यानं आत हाळी दिली, "आली, आली. बस तितंच."